उत्सर्जनाची खतावणी : कारखान्याची वही आणि शेतकऱ्याची नोंद

गेल्या सुरू हंगामात ऊस लागणीच्या पाहणीसाठी एका गावी गेलो असता बांधावर एक प्रसंग पहावयास मिळाला. साखर कारखान्याच्या शेतकी खात्यातील एक तरुण, ज्यास गावोगाव चिटबॉय म्हणतात, हाती मोबाइल घेऊन एका वयोवृद्ध शेतकऱ्यास प्रश्न विचारीत होता. युरियाची पोती किती टाकली, मोटार किती तास चालली, ट्रॅक्टरला डिझेल किती लागले, मागील तोडणीनंतर पाचट पेटविले की सरीत कुजविले, असे ते प्रश्न होते. आबांनी चार-दोन उत्तरे दिली आणि मग मजकडे वळून विचारले, "साहेब, ही कसली चौकशी? आजवर उसाचं वजन विचारलं, पोत्यांचा हिशेब कुणी मागितला नव्हता. यातून नवा कर तर निघायचा नाही ना?"

तरुण म्हणाला, "आबा, कर नाही. वरून फॉर्म आलाय, तेवढा भरायचाय."

या उत्तराने आबांचे समाधान झाले नाही, आणि खरे सांगावयाचे तर ते होण्यासारखे नव्हतेही. ज्यास आपण देत असलेल्या माहितीचा उपयोग ठाऊक नाही, तो माणूस एकतर ती दडवितो, नाही तर अंदाजाने काहीतरी सांगून सुटका करून घेतो. दोन्ही गोष्टी अहितकारक आहेत. असे फॉर्म यापुढे ऊस, दूध, कापूस, भात अशा अनेक पिकांच्या व धंद्यांच्या बाबतीत येत राहतील. यास्तव हा हिशेब कशाचा, तो कोण व कशासाठी मांडतो, आणि त्यात शेतकऱ्याचे हित व अहित कोठे आहे, याची ओळख प्रत्येक शेतकऱ्यास व गावपातळीवरील कार्यकर्त्यास असणे अगत्याचे आहे.

हिशेब कशाचा?

वातावरणातील काही वायू सूर्याच्या उष्णतेस पृथ्वीवरून सहजासहजी परत जाऊ देत नाहीत. त्यांस हरितगृह वायू म्हणतात. आंतरराष्ट्रीय हिशेबात असे सात वायू अथवा वायूंचे गट मोजले जातात. त्यांपैकी शेतीशी निकटचा संबंध असलेले तीन : डिझेल, कोळसा इत्यादि इंधन जळताना निघणारा कार्बन डायऑक्साइड, गुराढोरांच्या रवंथातून, साचलेल्या शेणातून व पाणी तुंबलेल्या भातखाचरातून निघणारा मिथेन, आणि नत्रयुक्त खतांपासून जमिनीतील सूक्ष्मजीवांच्या क्रियेने तयार होणारा नायट्रस ऑक्साइड.

या तिघांची शक्ती सारखी नाही. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या आंतरशासकीय हवामान मंडळाच्या, म्हणजे आयपीसीसीच्या, सहाव्या अहवालानुसार शंभर वर्षांच्या काळात एक किलो जैविक मिथेनची उष्णता धरण्याची शक्ती सुमारे २७ किलो कार्बन डायऑक्साइडइतकी, तर एक किलो नायट्रस ऑक्साइडची २७३ किलो कार्बन डायऑक्साइडइतकी धरली जाते. बाजारात ज्वारी, तूर व भुईमूग यांची बेरीज पोत्यांत होत नाही. प्रत्येकाच्या भावाने गुणून रुपयांत होते. तद्वत् निरनिराळ्या वायूंची बेरीज 'कार्बन डायऑक्साइड समतुल्य' या एकाच मापात केली जाते. फॉर्मच्या शेवटी जो किलो अथवा टन आकडा येतो, तो या मापातला असतो.

कारखान्याने ही वही का घातली?

जमाखर्च लिहिण्याची जशी सर्वमान्य पद्धत आहे, तशी उत्सर्जनाच्या हिशेबाचीही झाली आहे. जागतिक संसाधन संस्था आणि उद्योगांची एक जागतिक परिषद यांनी मिळून 'ग्रीनहाऊस गॅस प्रोटोकॉल' या नावाची नियमावली २००१ साली प्रसिद्ध केली. २००४ साली तिची सुधारित आवृत्ती निघाली आणि २०११ साली कंपनीच्या पुरवठादारांपासून ग्राहकांपर्यंतच्या उत्सर्जनासाठी स्वतंत्र पुस्तिका आली. आपल्या देशात सेबी या संस्थेने शेअर बाजारात नोंदलेल्या, बाजारमूल्याने पहिल्या एक हजार कंपन्यांस २०२२-२३ या आर्थिक वर्षापासून सामाजिक व पर्यावरणीय जबाबदारीचा वार्षिक अहवाल सक्तीचा केला. त्यात उत्सर्जनाचे आकडे द्यावे लागतात.

सहकारी साखर कारखाना वा गावची दूध संस्था शेअर बाजारात नसते, हे खरे. परंतु त्यांची साखर शीतपेये व मिठाई करणाऱ्या मोठ्या कंपन्या घेतात, दूध मोठ्या डेअरीकडे जाते, आणि या खरेदीदारांस आपला हिशेब पुरा करण्यासाठी मागच्या कडीचा हिशेब लागतो. खरेदीदार कारखान्यास विचारतो, कारखाना चिटबॉयला आणि चिटबॉय आबांना. आबांच्या बांधावर आलेला फॉर्म हा असा पायरी-पायरीने उतरत आलेला असतो.

उत्सर्जनाच्या तीन कक्षा

या नियमावलीत उत्सर्जनाचे तीन वर्ग केले आहेत. त्यांस इंग्रजीत स्कोप म्हणतात. आपण कक्षा म्हणू. साखर कारखान्याचेच उदाहरण घेऊ.

पहिली कक्षा म्हणजे कारखान्याच्या स्वतःच्या आवारात व स्वतःच्या वाहनांत जे जळते ते : जनित्राचे डिझेल, बॉयलरमधील कोळसा, जीपगाड्यांचे इंधन. बॉयलरमध्ये जळणाऱ्या बगॅसचा कार्बन डायऑक्साइड मात्र निराळा दाखविला जातो, कारण तो वायू उसाने वाढताना हवेतूनच घेतलेला असतो. बगॅसच्या ज्वलनातील मिथेन व नायट्रस ऑक्साइड यांस ही सूट नाही.

दुसरी कक्षा म्हणजे विकत घेतलेली वीज. धूर कारखान्यात निघत नाही, औष्णिक वीजकेंद्रात निघतो. परंतु तो ज्याच्या वापरासाठी निघाला, त्याच्या वहीत त्याची नोंद होते.

तिसरी कक्षा म्हणजे कारखान्याच्या मालकीबाहेरचे, परंतु त्याच्या व्यवहारामुळे घडणारे सर्व काही. तिचे पंधरा पोटविभाग आहेत. उसाची लागण, खत, पाणी, कंत्राटी वाहतूक, साखर विकल्यानंतरची वाटचाल ही सर्व त्यात येतात. शेतमालावर चालणाऱ्या धंद्यात ही तिसरी कक्षा बहुधा सर्वांत मोठी असते, आणि तिचा मोठा भाग शेतकऱ्याच्या शिवारात असतो. शेतकऱ्याची नोंद ज्याच्या वहीत नाही, त्या कारखान्याची वही अर्धवट आहे, असा याचा अर्थ होतो.

येथे एक शंका हमखास विचारली जाते. आबांच्या ट्रॅक्टरचा धूर आबांच्याही हिशेबात आणि कारखान्याच्याही हिशेबात, ही लबाडी नव्हे काय? नव्हे. आबांच्या दृष्टीने तो पहिल्या कक्षेतला आणि कारखान्याच्या दृष्टीने तिसऱ्या कक्षेतला. एकच देणे एकाच्या वहीत नावे व दुसऱ्याच्या वहीत जमा असते, त्याप्रमाणेच हे आहे. मात्र अशा दोन वह्यांची बेरीज करून गावाचा अथवा तालुक्याचा आकडा काढणे चुकीचे ठरेल.

एका एकराचे गणित

या हिशेबाचे मूळ सूत्र अगदी सोपे आहे : जे केले त्याचे माप, गुणिले त्याचा उत्सर्जन गुणांक. एक एकर उसाचा नमुना घेऊन ते करून पाहू. पुढील आकडे केवळ गणित समजण्यासाठी घेतले आहेत. ती खतमात्रेची शिफारस नव्हे.

समजा, युरियाची चार पोती टाकली. युरियाचे पोते २०१८ सालापासून ४५ किलोचे आहे. म्हणजे १८० किलो युरिया. त्यात ४६ टक्के नत्र, म्हणजे सुमारे ८३ किलो नत्र. आयपीसीसीच्या २००६ सालच्या मार्गदर्शिकेप्रमाणे टाकलेल्या नत्रापैकी सर्वसाधारणपणे एक टक्का नत्र नायट्रस ऑक्साइडच्या रूपाने हवेत जाते. त्याचा नायट्रस ऑक्साइड होतो सुमारे १.३ किलो, आणि २७३ ने गुणल्यावर ३५५ किलो समतुल्य. शिवाय युरियाच्या अंगचा कार्बन जमिनीत सुटतो, त्याचे १३२ किलो.

समजा, पंपास ८०० युनिट वीज लागली. देशातील वीजजाळ्याचा सरासरी गुणांक युनिटमागे सुमारे ०.७ किलो धरला तर ५६० किलो झाले. मशागतीस ४० लिटर डिझेल लागले. लिटरमागे सुमारे २.७ किलोप्रमाणे १०८ किलो. चारही मिळून बेरीज ११५५ किलो. एकरी उतारा ४० टन पडला, तर टनामागे सुमारे २९ किलो.

आता पाचट पेटविले तर काय होते? तीन टन सुके पाचट जाळले असता, त्याचा कार्बन डायऑक्साइड न धरतासुद्धा, मिथेन व नायट्रस ऑक्साइड मिळून सुमारे २२० किलो समतुल्य भर पडते. टनामागचा आकडा २९ वरून ३४ वर जातो. जमिनीस मिळावयाचा सेंद्रिय अंश व नत्र गेले ते वेगळेच.

या गणितात एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. पाचटाचा धूर सर्व गावास दिसतो, त्याचे झाले २२० किलो. युरियाच्या चार पोत्यांपासून निघालेला वायू कोणास दिसला नाही, वासही आला नाही, त्याचे झाले ३५५ किलो. डोळ्यांस जे दिसते तेच मोठे, हा समज या हिशेबात टिकत नाही.

दुसरी गोष्ट उताऱ्याची. तेवढ्याच खतपाण्यात चाळीसऐवजी पन्नास टन ऊस आला, तर टनामागचा आकडा २९ वरून २३ वर येतो. एकराचा एकूण आकडा मात्र ११५५ च राहतो. पहिल्यास तीव्रता म्हणतात, दुसऱ्यास निव्वळ एकूण. एखादी कंपनी 'आमचे उत्सर्जन पंचमांशाने घटले' असे जाहीर करील, तेव्हा या दोहोंपैकी कोणता आकडा घटला, हे प्रथम विचारावे. आणि नुसता युरिया तोडून एकराचा आकडा खाली आणला, पण उतारा बुडाला, तर टनामागचा आकडा उलट वाढेल. म्हणून खताची मात्रा माती परीक्षणावरूनच ठरवावी. कोणाच्या फॉर्मवरून ठरवू नये.

संगणक काय करतो, काय करीत नाही

एका कारखान्याकडे हजारो सभासद असतात. एवढ्यांचे गणित हाताने होणे नाही. यासाठी संगणकाच्या प्रणाली निघाल्या आहेत. कंपन्यांसाठी निरनिराळ्या आहेत, आणि शेतापुरता हिशेब करणारी, स्कॉटलंडमधील ॲबरडीन विद्यापीठाच्या संशोधकांच्या सहभागाने तयार झालेली 'कूल फार्म टूल' ही त्यांपैकी एक होय. नावे कोणतीही असोत, त्यांची कामे चार : नोंदी साठविणे, एकर-गुंठे-हेक्टर अथवा पोती-किलो-टन यांची मापे एक करणे, प्रत्येक नोंदीस योग्य तो गुणांक लावणे, आणि कोणता आकडा कोठून आला याचा माग राखणे.

यातील गुणांकाचे काम वाटते तितके सरळ नाही. नत्राचा वर सांगितलेला एक टक्का हा जगाचा सरासरी गुणांक आहे. २०१९ साली आयपीसीसीने त्यात सुधारणा करून ओल्या हवामानात रासायनिक नत्रासाठी १.६ टक्के व कोरड्या हवामानासाठी ०.५ टक्के असे निराळे गुणांक दिले. म्हणजे आबांनी तेवढीच पोती टाकली असता, प्रणालीत कोणता गुणांक बसविला आहे यावरून उत्तर तिपटीने बदलू शकते. यास्तव दोन वर्षांची अथवा दोन कारखान्यांची तुलना करताना गुणांक एकाच आवृत्तीचे आहेत काय, हे पाहावे लागते. ज्या वर्षाशी तुलना करावयाची त्यास आधारवर्ष म्हणतात. गुणांक बदलला, तर आधारवर्षाचाही हिशेब पुन्हा मांडावा लागतो. नाही तर शेतात काहीही न बदलता कागदावर सुधारणा दिसेल.

संगणक जे करू शकत नाही, ते अधिक महत्त्वाचे. शेतात काय घडले, हे त्यास ठाऊक नसते. शेतकऱ्याची नोंद उपलब्ध नसेल, तेथे प्रणाली सरासरी आकडा घालते. कधी तर खरेदीच्या रुपयांवरून उत्सर्जनाचा अंदाज बांधते. सरासरीत काटकसरी शेतकरी व उधळ्या शेतकरी एकाच मापाने मोजले जातात. ज्याने ठिबक बसविले, पाचट कुजविले आणि माती परीक्षणाप्रमाणे खत दिले, त्याचे श्रम सरासरीत बुडून जातात. स्वतःची खरी नोंद असणे हाच त्यावर उपाय.

माझ्याकडून घडलेली एक चूक

तीन वर्षांपूर्वी एका गावी अशाच माहितीच्या पडताळणीस मी मदत केली होती. याद्या बहुतांशी बरोबर दिसल्या, म्हणून मी त्यांवर सही केली. एका शेतकऱ्याची वीस गुंठ्यांची लागण 'वीस एकर' अशी लिहिली गेली होती, ती माझ्या नजरेतून सुटली. वीस गुंठे म्हणजे अर्धा एकर. क्षेत्र चाळीसपट झाले, म्हणून त्याचे एकरी खत कागदावर चाळीसाव्या हिश्शाने उतरले, आणि तो शेतकरी गावातील आदर्श शेतकरी ठरला. आणखी काही नोंदींत युरियाचे पोते जुन्या सवयीने ५० किलोचे धरले होते. त्यामुळे त्यांचा युरिया प्रत्यक्षापेक्षा नऊ पोत्यांमागे एक पोते जास्त दिसत होता.

पुढे बाहेरचे तपासनीस आले. त्यांस वीस एकरांची नोंद खटकली. त्यांनी आणखी काही नोंदी काढून पाहिल्या, त्यांत पोत्यांचा घोळ सापडला, आणि अखेर गावाची संपूर्ण यादीच बाजूला ठेवून सर्वांस जिल्ह्याची सरासरी लावण्यात आली. त्या यादीत असेही शेतकरी होते, ज्यांनी दोन वर्षे पाचट पेटविले नव्हते, शेजाऱ्यांची थट्टा सोसली होती, आणि ज्यांच्या नोंदी अक्षरशः खऱ्या होत्या. त्यांपैकी एकाने मला शांतपणे विचारले, "साहेब, मी जाळलं नाही ते कुठं लिहिलंय आता?" त्या प्रश्नास माझ्यापाशी उत्तर नव्हते. यादीवर सही माझी होती.

तेव्हापासून मी क्षेत्र सात-बाराशी व पोती पावतीशी ताडून पाहिल्याखेरीज सही करीत नाही. हे आत्मपुराण सांगण्याचे कारण इतकेच की, या हिशेबातील चूक ज्याची असते त्याच्यापुरती राहत नाही. ती शेजाऱ्याचे खरेपणही घेऊन बुडते.

कर्ब-पत्रिकेच्या करारापूर्वी

उत्सर्जन मोजणे निराळे आणि घटलेले उत्सर्जन विकणे निराळे, हा भेद नीट समजून घ्यावा. एक टन समतुल्य उत्सर्जन टाळल्याचे अथवा हवेतून काढून जमिनीत वा झाडांत साठविल्याचे जे प्रमाणपत्र मिळते, त्यास कार्बन क्रेडिट म्हणतात. आपण त्यास कर्ब-पत्रिका म्हणू. भारत सरकारने २०२३ साली कार्बन क्रेडिट व्यापार योजना अधिसूचित केली, आणि त्याखेरीज खाजगी ऐच्छिक बाजारही आहे. अशा प्रकल्पांचे प्रतिनिधी आता गावोगाव करार घेऊन येऊ लागले आहेत. त्यांतील काही प्रकल्प चांगले असतील; परंतु आकडा पाहिल्याशिवाय अंगठा उमटवू नये.

आकडा असा पाहावा. माती परीक्षणाप्रमाणे एकरी एक पोते युरिया कमी पुरेसा झाला, तर वरील गणिताने नायट्रस ऑक्साइडचे सुमारे ८९ आणि युरियातील कार्बनचे ३३, मिळून १२२ किलो समतुल्य उत्सर्जन टळले. एक टन होण्यास आठ एकरांहून अधिक क्षेत्र लागेल, तेव्हा कोठे एक पत्रिका. तिच्या किमतीतून मोजणीचा, तपासणीचा व मध्यस्थाचा खर्च वजा जाईल. उलट, वाचलेल्या पोत्याचे पैसे मात्र त्याच दिवशी शेतकऱ्याच्या खिशात राहिले. बहुतेक वेळी पहिला लाभ बचतीचा आहे. पत्रिकेचे पैसे हे वरकड समजावेत आणि त्यांच्या भरवशावर कर्ज काढू नये.

करारापूर्वी पुढील प्रश्न अवश्य विचारावेत.

१. करार किती वर्षांचा? मध्येच जमीन विकली, खंडाने दिली अथवा वाटणी झाली, तर बंधन कोणावर राहील?

२. मोजणीचा व तपासणीचा खर्च कोण करणार? पत्रिकेच्या किमतीत शेतकऱ्याचा हिस्सा किती, आणि तो कधी मिळणार?

३. जी सुधारणा मी पूर्वीपासून करीत आहे, ती धरली जाईल काय? सर्वसाधारण नियम असा की, प्रकल्पामुळे जे नव्याने घडले तेवढेच पत्रिकेस पात्र ठरते. ही अट प्रथमच स्पष्ट करून घ्यावी.

४. जमिनीत साठविलेला कर्ब पुढे नांगरटीने वा आगीने निघून गेला, तर भरपाई कोणी द्यावयाची?

५. ही घट दुसऱ्या कोणाच्या वहीत धरली गेली आहे काय? पत्रिका बाहेर विकली आणि कारखान्यानेही तीच घट आपल्या तिसऱ्या कक्षेत मिरविली, तर एका घटीवर दोघांचा दावा होतो. तपासणीत असे दावे बाद ठरतात, आणि तोशीस शेवटच्या माणसास लागते.

६. कराराची मराठी प्रत मिळेल काय? जो कागद वाचता येत नाही, त्यावर सही करू नये. घरच्या शिकलेल्या मुलामुलींकडून तो वाचून घ्यावा.

शेतकऱ्याची नोंदवही

याकरिता मोठी विद्या लागत नाही. शाळेची एक वही पुरते. तिच्यात प्रत्येक गटासाठी एक पान राखून पुढील नोंदी तारखेसह कराव्यात.

१. गट क्रमांक, पीक व क्षेत्र. क्षेत्र गुंठ्यांतच लिहावे; म्हणजे एकराचा घोळ होत नाही.

२. खताचे नाव, पोत्यांची संख्या व पोत्यावर छापलेले वजन. युरिया ४५ किलोचा असतो, तर डीएपी व अन्य कित्येक खते ५० किलोंची. दुकानाची पावती त्याच पानास टाचावी. शेणखताच्या गाड्या वा ट्रॉल्याही लिहाव्यात.

३. वीज. मीटर असेल तर हंगामाच्या प्रारंभीचे व अखेरीचे वाचन. अनेक कृषिपंपांस मीटर नाही. तेथे पंपाची अश्वशक्ती व चालल्याचे तास लिहावेत. पाच अश्वशक्तीचा पंप पूर्ण भाराने एक तास चालला, तर निदान पावणेचार युनिट वीज खातो. पंप सौरऊर्जेवर असेल तर तसे स्पष्ट लिहावे.

४. डिझेल लिटरमध्ये. भाड्याच्या ट्रॅक्टरचे असल्यास कामाचे तास व अवजार.

५. पाचट, काड, पऱ्हाटी यांचे काय केले : पेटविले, कुजविले, की गुरांस घातले.

६. उतारा. वजनकाट्याची पावती जपून ठेवावी.

दुभती जनावरे असणाऱ्यांनी जनावरांची संख्या, जात, रोजचे दूध व चारा यांची निराळी नोंद ठेवावी. आयपीसीसीच्या २००६ सालच्या मार्गदर्शिकेत भारतीय उपखंडातील दुभत्या गाईस वर्षास ५८ किलो व म्हशीस ५५ किलो मिथेन असा ढोबळ गुणांक दिला आहे. ५८ किलो मिथेन म्हणजे सुमारे १५७० किलो समतुल्य. गाय वर्षास दोन हजार लिटर दूध देत असेल, तर एवढ्यापुरते लिटरमागे पाऊण किलोहून थोडे अधिक झाले. भाकड जनावराच्या खात्यावर मिथेन जमा होतो, दूध होत नाही. म्हणून वेळेवर गाभण जाणे, रोगप्रतिबंधक लस आणि समतोल चारा या जुन्याच गोष्टी या नव्या हिशेबातही लाभाच्या ठरतात.

कार्यकर्त्यांसाठी

माहिती गोळा करणाऱ्या कार्यकर्त्यांवर या कामात विशेष जबाबदारी आहे. माहिती कोणासाठी व कशासाठी आहे, हे प्रथम सांगावे आणि शेतकऱ्याची संमती घ्यावी. जे ठाऊक नाही तेथे 'माहीत नाही' असेच लिहावे. रकाना भरण्यासाठी अंदाज लिहू नये. कोरा रकाना तपासनीसास दिसतो, परंतु खोटा आकडा खऱ्यासारखाच दिसतो. नोंद झाल्यावर ती मोठ्याने वाचून दाखवावी आणि तिची एक प्रत शेतकऱ्याकडे ठेवावी. पैसे मिळतील असे आश्वासन कधीही देऊ नये. आणि घरातील शेतीचे निम्म्याहून अधिक काम जेथे बाई पाहते, तेथे प्रश्न तिलाच विचारावेत. पोती किती फुटली, हे तिच्याइतके बिनचूक कोणास ठाऊक असणार?

त्या दिवशी मी आबांच्या शेजारी बांधावर बसलो आणि वरील गणित काठीने मातीत मांडून दाखविले. त्यांनी ते लक्षपूर्वक पाहिले. मग म्हणाले, "म्हणजे कारखाना आपली वही आमच्या वहीवरून लिहिणार. मग आधी आमची वही तर असू द्या." त्यांनी नातीला हाक मारून तिची एक कोरी वही मागवून घेतली, आणि पहिल्या पानावर गट क्रमांक घालून तिच्याकडून लिहून घेतले : 'पाचट पेटविले नाही.' चिटबॉयने आपला फॉर्म पुन्हा पहिल्या प्रश्नापासून भरावयास घेतला. या वेळी आबा पावत्यांची पिशवी घेऊन बसले होते.